लाल पाइपातली चकती

बारामती, एमआयडीसी
शनिवार, ११ मे २०२४

ती. आत्यास,
युवराजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

पत्र रेश्माच्या हाती देतोय. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोललो की खोलीतली पोरं गोळा होतात. पाकीट शितानं चिकटवलंय. आत माझ्या लग्नाचा विषय आहे, उघडू नको, असं तुझ्या लेकीला बजावलंय.

मागच्या पत्रात टायरचं दुकान लिहिलं होतं, ते सुटलं. लगेच कपाळाला हात लावू नको. आता आग विझवायच्या पाइपांच्या कामावर लागलोय, तेही रेश्माच्याच कारखान्यात. तिच्या शिलाईच्या हॉलमध्ये छताला लाल लोखंडी पाइप फिरवलेत. त्यांना जागोजागी तोट्या, आणि प्रत्येक तोटीच्या तोंडाला काचेची बारकी नळी. आग लागली की नळी फुटते आणि पाणी आपोआप पडतं. आबांच्या शेतातल्या तुषारासारखंच, फक्त उलटं टांगलेलं. कारखान्यानं गोडाऊनचा कोपरा मोकळा करून तिथं नव्या मशीन मांडल्यात, रेश्माचीही तिथंच आहे. त्या कोपऱ्यावर तोट्या नव्हत्या. म्हणून आधीच्याच पाइपाला भोकं पाडून नवे फाटे काढायचे, हे आमचं काम.

दत्तोबा मिस्त्री शिकवतात. आधी लाइनमधलं पाणी काढायचं. मग मशीनला गोल करवत लावून भोक पाडायचं. त्यातून रुपयाएवढी लोखंडी चकती निघते. ती टाकायची नाही, त्याच फाट्याला तारेनं बांधून लोंबत ठेवायची. खालून बघणाऱ्याला कळतं की चकती बाहेर आहे, पाइपात राहिलेली नाही. मला ही रीत फार आवडली. मी एक चकती कानाला लावून बघितली, तर मिस्त्री हसले. माणूस चांगला आहे. तंबाखू खातात, पण कारखान्यात नाही.

तर शेवटच्या फाट्याचं सांगतो. मी शिडीवर, मशीन चालू, आणि खिडकीतून मेंढरं दिसली. कोकणातून परतलेला कळप. मागं घोडी, घोडीवर पसारा, त्याच्यावर दोन कोंबड्या बसलेल्या, आणि एक कोकरू पोत्यातून मुंडी काढून बघतंय. कळप वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिलो. तोवर करवत आरपार गेली होती. बाहेर काढली तर रिकामी. चकती नाही. फरशी झाडली, कापडाचे गठ्ठे हलवले, कुठंच नाही.

मिस्त्री भाचीच्या लग्नाला बावड्याला गेलेत. कारखान्याचे साहेब म्हणाले, फाटा बसव, पाणी भर. भरलं. दाबाचा काटा हलला नाही, कुठं थेंब गळला नाही. साहेब म्हणाले, झालं, भंगारातली एखादी चकती टांग आणि विषय संपव. मी अजून काही टांगलेलं नाही. त्या फाट्याची तार नुसतीच लोंबतेय.

रत्नागिरीहून एका मित्राचा फोन आलाय, जेटीवर माणसं पाहिजेत म्हणे. समुद्र मी अजून बघितला नाही. सोमवारी निघावं म्हणतो. आबांना नमस्कार.

जेवढा जीव लावलास तेवढाच राहू दे, कमी नको.
तुझा,
युवराज


पळसदेव
रविवार, १२ मे

चि. युवराजास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. लग्नाचं एक अक्षर न्हाय त्यात, लबाडा.

हितं धरणाचं पाणी लई खाली गेलंय. जुनं देऊळ पायऱ्यांसकट उघडं पडलंय. पुण्याची माणसं गाड्या भरून येत्यात, फोटो काढत्यात आणि मला इचारत्यात, आजी, हितं चहा कुठं मिळंल. मी म्हनते, माझ्या घरी. तुझे आबा रोज पाइपाला पाइप जोडून पाण्याच्या मागं पळत्यात. मोटर पार गाळापतूर नेलीया.

आता चकतीचं. तू लिवलंस त्यात मला एवढंच कळलं की ती सापडली न्हाय. न गळणं येगळं, आन पाणी पोचणं येगळं. आबांना इचार. न्हायतर नगं, मीच सांगते, ते कबूल करायचे न्हायत. गोठ्याच्या हौदाला तोटी काढायची म्हनून त्यांनी शेताच्या लाइनला भोक पाडलं. कुठं गळलं न्हाय, लई खूश झाले. पण शेवटच्या तुषाराला धार येईना. आदी वायरमनला शिव्या दिल्या, मग मोटरवाल्याला, मग शेजारच्या गेणबावर आळ घेतला की आमचं पाणी वडतोय. गेणबा महिनाभर बोलत नव्हता. शेवटी पाइप उकरला तवा वळणात त्यांच्याच हातची चकती आडवी बसलेली. तवर कांदा वाळून गेला होता. गेणबाला घरी बोलावून पुरणपोळी घालावी लागली, तवा माणूस हसला.

आपला कांदा गेला, पुढच्या साली पुन्हा लावला. तुझ्या पाइपाखाली मशीनवर कोन बसतंय, ते तूच लिवलंयस.

मेंढरामागं डोळं गेलं त्याचा मला राग न्हाय. तुझ्या आज्याचंबी तसंच. मेंढरं इकून वावर घेतलं, पण कळप निघाला की भाकर टाकून बांधावर जाऊन उभा राहायचा. आपल्या घरात पाय असलेच आल्यात. तुला समुद्र बघायचा तर बघ, मी कवा धरून ठेवलंय? पण मागं वळून बघायची पाळी येऊ नये असा जा. तुझा आजा तळ उठवला की आदी इस्तव इझवायचा, राखंत हात घालून बघायचा, मग पाऊल उचलायचा.

रेश्माला ह्यातलं काय सांगू नगंस. भित्री हाय ती. संगं शेंगदाण्याची चटणी धाडलीया, खोलीतल्या पोरांना एकदम दाखवू नगंस.

जिथं असशील तितं माझी आठवण ठेव, म्हंजे झालं.
तुझी आत्या,
ठमाबाई


बारामती
शनिवार, २५ मे

ती. आत्यास,
युवराजचा दोन्ही हात जोडून नमस्कार, वि. वि.

चटणी पोरांना दाखवली नाही, तरी वासावर आली.

सोमवारी पिशवी भरलेली होती. तुझं पत्र वाचून बसलो, मग पुन्हा वाचलं. गाडी गेली. मिस्त्री आले तसं त्यांना सगळं सांगितलं, मेंढरांसकट. वाटलं, आता हाकलतील. त्यांनी एवढंच विचारलं की घोडीवर कोंबड्या खरंच बसतात का. मग साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, पुन्हा लाइन उघडायची नाही, माल भिजेल. मिस्त्री म्हणाले, माल मी झाकतो, पण माझी एक तार रिकामी आहे, त्या कामावर मी सही करणार नाही. शेवटी साहेब रविवारी उघडा म्हणाले.

रविवारी आम्ही मशीनांवर ताडपत्र्या टाकल्या. लाइनच्या शेवटचं टोपण काढलं, पाइपाच्या तोंडाला पोतं बांधलं आणि पाणी सोडलं. आधी काळं पाणी आलं, शाईसारखं. मग खण्णकन वाजलं. पोत्यात हात घातला तर चकती.

पण आत्या, ती माझी नव्हती. गंजून कडा खाल्लेली, जुनी. हे पाइप पहिल्यांदा बसवले तेव्हाची असणार. मिस्त्रींनी ती पुसून माझ्या हातात ठेवली. एवढी वर्षं बायका खाली शिवत होत्या आणि ती वर आडवी व्हायची वाट बघत होती. मला तो माणूस दिसला, आत्या. शिडीवरून उतरलेला, पिशवी उचललेला, पुढच्या गावाला निघालेला. माझ्यासारखाच दिसला.

माझी चकती पाण्यानं हललीच नाही. शेवटी तारेला लोहचुंबक बांधून वळणातून ओढून काढली. मीच टांगली. पुन्हा पाणी भरलं, काटा बघितला, मग उतरलो. जुनीला लटकायला तार नाही, म्हणून ती तुला पाठवतोय.

जेटीची जागा भरली म्हणे. समुद्र कुठं जातोय.

तुझी माया आहे तशीच असू दे, मी जरा सुधारेन.
युवराज


पळसदेव
सोमवार, २७ मे

युवराजदादास,
रेश्माचा नमस्कार आणि एक चापट.

आईला ताप होता, म्हणून दोन दिवस राहिले. आता बरी आहे. फोन केला असता, पण तुम्ही दोघं कागदावरच खरं बोलता, म्हणून मीही कागद घेतला. दुधाच्या गाडीवाल्याकडे देतेय.

पहिल्या पाकिटात लग्नाचा विषय आहे म्हणालास, मग उघडल्याशिवाय कोण राहील? भिगवणच्या स्टँडवरच उघडलं. परत बारामतीला येताना आईचंही उघडलं. भित्री म्हणे! त्या सोमवारी जाऊन त्याच मशीनवर बसले. सुपरवायझरला सांगून जागा बदलून घेतली असती, पण मग तिथं शेजारच्या मशीनवरची संस्कृती बसली असती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं. आठवडाभर त्या रिकाम्या तारेकडे बघत कॉलरी शिवल्या. त्यातल्या दोन उलट्या लागल्या, बोलणी खाल्ली. रोज जेवणाच्या सुट्टीत तुझ्या खोलीवरून चक्कर मारायची आणि दोरीवर तुझा शर्ट आहे का बघायची. होता. एकदा ओला होता, तेव्हा जास्त बरं वाटलं. माणूस धुतलेला शर्ट सोडून जात नाही.

जुनी चकती आईनं आबांच्या गोठ्याच्या तोटीला तारेनं बांधलीय. आबा जाम चिडलेत. म्हणाले, माझी बेअब्रू गावभर लोंबतेय. गेणबाकाका मात्र मुद्दाम म्हशी पाजायला तिथंच आणतात.

मी बुधवारी कामावर येतेय. शनिवारी संध्याकाळची एसटी धरू. माझं तिकीट अर्धं, तुझं पूर्ण, तुझं तू काढ. आई म्हणते, ह्या वेळी पत्र पाठवू नको म्हणावं, तूच ये. देवळाच्या पायऱ्या अजून उघड्या आहेत. समुद्राएवढं नसलं तरी पाणी हितंही आहे.

शर्ट दोरीवरच ठेव.
रेश्मा