मामांच्या चार पँटी

प्रिय आईस सम्यकचा जय भीम.

फोनवर बोललो तर भांडण होईल, म्हणून लिहितोय. मी खुशाल आहे. पण बजाजनगरच्या मामांना सांग, फॅशन डिझायनिंग म्हणजे रफूचं दुकान नाय!

परीक्षेच्या जाकिटाची बाही मॅडमनी तिसऱ्यांदा उसवायला लावली होती. तेवढ्यात मामा चार पँटी घेऊन खोलीवर हजर. म्हणे, "आखूड कर, तेवढाच सराव." मी लई बोललो त्यांना. ते निघून गेले, पँटी इथंच ठेवून.

मग मापून पाहिल्या. चारी आधीच त्यांच्या मापाच्या निघाल्या, आखूड करायला काही नव्हतंच.

आठवडाभर तुझा फोन उचलला नाय, म्हणून मला बघायला तूच पाठवलंस ना त्यांना? अगं, मग सरळ विचारायचं की!

रविवारी माफी मागायला जातो. तुझा गुडघा कसाय?

तुझाच चिडका,
सम्यक