कड्याच्या पोटातलं पाणी

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा तू मला हसून वाटेला लावलंस. इथे भूगर्भ खात्याच्या कचेरीत येऊन मी नकाशा पुन्हा तपासला आणि आता मला काही हसू येत नाही. तुझ्या चुनभट्टीमागचा कडा उगाच इतका ताठ नाही. फार पूर्वी इथली जमीन ताणली जाऊन उभी फाटली. पुढे कधीतरी बाजूने रेटा आला आणि चुनखडीचा अख्खा थर, त्या जुन्या भेगांसकट, काळ्या मऊ मातकट दगडावर चढून बसला. त्यातल्या एका भेगेपासून पुढचा भाग केव्हाच ढासळला, उरला तो तुझा कडा. तसलीच दुसरी भेग वर, काठाच्या जरा मागे आहे. मी तिच्यात खांद्यापर्यंत हात घातला होता.

त्या भेगेपुढची दगडाची लादी सुटली तर घर, भट्टी काही उरणार नाही. आईला आणि वहिनीला घेऊन बाजारातल्या खोलीत राहायला जा. माझ्याशी भांडायचं तर तिथे जाऊन भांड.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ठमी

१४ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, डोंगर तिच्या सासऱ्यांच्या आधीपासून उभा आहे, पोरगी चार बुकं शिकली म्हणून तो पळून जाणार नाही. आणि पेटती भट्टी सोडून मी जाऊ कुठे?

पण तुझा शब्द अगदीच वाऱ्यावर सोडला नाही हो. भट्टीमागे कड्याच्या बुडातून पाणी झिरपून चुना भिजायचा, आठवतं ना? ती फट सिमेंटने पक्की बुजवून टाकली. पाऊस दणकून लागलाय, तरी थेंब नाही. काम असं झालंय की हात फिरवून बघावं. आता तरी स्वस्थ झोप.

आईची तब्येत बरी आहे, तोंडही नेहमीसारखं चालू आहे. तुझंही तसंच चालू राहो.
दादा

१८ जून

ती. दादास,
शि. सा. न.

अरे दादा, काय करून बसलास! ते पाणी बाहेर पडत होतं म्हणून कडा उभा होता. पाणी वरच्या भेगेतून उतरतं, खालच्या मातकट दगडाशी अडतं आणि तुझ्या भट्टीमागे निघतं. आता वाटच बंद. भेग आतून भरत असणार आणि लादीला बाहेर ढकलत असणार.

हे पत्र तुझा चुना न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. वाचलंस की भट्टी तशीच सोडून सगळे बाहेर पडा. आणि ते सिमेंट फोडायला जाऊ नकोस. मी तुला ओळखते म्हणून पुन्हा लिहिते, जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते.
ठमी

२३ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

रस्ता वाहून गेला आणि तुम्ही पलीकडे अडकलात, असं कळलं, म्हणून लिहिते. तुमचं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं. आम्हा दोघींना आणि भट्टीवरच्या सगळ्यांना ट्रकमध्ये चढवलं. एका शब्दाने वाद घातला नाही, तेव्हाच मला धसका बसायला हवा होता. ट्रक सुरू झाला तेव्हा यांच्या हातात पहार दिसली. मी ओरडले, तर म्हणाले, बुजवलं मी आणि फोडायला काय परका येणार? पुढे व्हा, आलोच.

आम्ही वळणापर्यंत पोचलो नव्हतो, तोच कडा खाली आला. घर नाही, भट्टी नाही. हे अजून सापडलेले नाहीत.

तुमच्या पत्राने आम्ही वाचलो, हे मी सगळ्यांना सांगते. तरी तुमचाही राग येतो, यांचा तर फारच येतो. तुम्हा भावंडांचा हेका मेला सारखाच. आई जेवत नाहीत. दगड घराएवढे आहेत आणि मागे नवा पांढरा कडा उभा आहे, तसाच ताठ. शोधणारी माणसं कालपासून थांबली आहेत. ती विचारताहेत की ढिगाऱ्यात पुन्हा उतरावं का. तुम्ही हो म्हणालात तरच उतरतील.

या कड्यामागे आणखी भेग आहे का, तेवढं कळवा. आमच्याकडे बघून लिहू नका, खरं असेल ते लिहा. आई दारातच बसून आहेत.
तुमची
वहिनी