धुरांड्याखालचा अर्ज

माझ्या एकमेव परीक्षिकेस सप्रेम नमस्कार,

मी खुशाल आहे. गुडघाही सध्या तक्रार करत नाही. तुझे रक्तदाबाचे औषध वेळेवर चालू आहे ना?

आपल्या लेकीचे घर ऐसपैस आहे, मात्र खिडक्या सदैव बंद असतात. जावई ज्या वीजकेंद्रात काम करतात, त्याच्या धुरांड्याची राख दिवसातून दोनदा पुसावी लागते. नातीला खोकला आहे. काळजी करू नकोस. औषधाचा फवारा ओढला की ती जिना चढते, मध्ये एकदाच बसते.

राख अडवणारे यंत्र बंद पडले आहे. ते दुरुस्त व्हावे म्हणून प्रदूषण खात्यास लिहावयाचा अर्ज वसाहतीने माझ्याकडून लिहून घेतला. मजकूर निर्दोष झाला, तुलाही चूक सापडायची नाही. पण सही कोण करणार? प्रत्येक घराची चूल त्याच वीजकेंद्रावर पेटते.

शेजारचा फिटर म्हणाला, "आजोबा, तुमचं आडनाव वेगळं, पेन्शन पक्की. तुम्हाला कोण काढणार?"

सगळे हसले. आतून नातीचा खोकला ऐकू आला. मी सही केली. जावई म्हणाले, "पत्ता आपल्याच घराचा लिहा, बाबा."

चौकशीच्या वेळी अर्जदार हजर असावा लागतो, म्हणून मी परतीचे तिकीट रद्द केले आहे. तुला विचारले नाही, हा माझा अपराध. तू मात्र येऊ नकोस. तुझ्या छातीला ही हवा सोसणार नाही. मला सकाळी थोडा कफ होतो, इतकेच.

"बाबांना परत पाठव," असे लेकीला कळवू नकोस. इथे सही करू शकणारा मी एकटाच आहे.

तुझ्या रागास पात्र,
तुझाच