रेंजची भिंत

२४ नोव्हेंबर
सकाळी नगरहून निघालो. अकोल्यात गाडी बदलली, राजूरला दुकानात तवा आणि बादली घेतली आणि जीपने दुपारी गावात पोहोचलो. साळूबाईंचं घर भाड्याने मिळालं आहे. एक खोली, पुढे ओटा, मागे उघडी पडवी. भिंती मातीच्या, जाड. भात कापून झाला आहे, खाचरं रिकामी आहेत. पाटबंधारे खात्याची चौकी इथून चालत जाण्यासारखी आहे.

ओट्यावर उभं राहून मोबाईल पाहिला. रेंज नाही. बंद करून ट्रंकेत ठेवला. मोबाईलचे तरंग मोजायचं छोटं यंत्र खोलीभर फिरवलं, हिरवा दिवा. नगरच्या घरात तो कधीच हिरवा झाला नाही. समोरच्या इमारतीवर टॉवर होता आणि आमची खिडकी त्याच बाजूला. सविता, माझी बायको, ऑगस्टमध्ये गेली. डोक्यात गाठ. टॉवरमुळे असं होतं याला पुरावा नाही, असं डॉक्टर म्हणाले. होत नाही असं लिहून द्याल का, एवढंच मी विचारलं. ते फाईल चाळत राहिले.

ही बदली मी मागून घेतली. ऑफिसात हसले. मला मात्र आज बरं वाटतं आहे. जेवलोही पोटभर.

२५ नोव्हेंबर
पडवीतल्या बोलण्याने जाग आली. मागे जाऊन पाहिलं तर भिंतीवर खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटीला पिशवीत मोबाईल. काल त्या खुंट्या दोरखंडांसाठी असतील असं वाटलं होतं. शेजारच्या पुंजारामने समजावलं. दोन डोंगरांच्या खिंडीतून रेंज येते ती नेमकी या भिंतीवर पडते, वीतभर बाजूला गेलं तरी नाही. रानात जाताना लोक फोन इथे टांगतात. कुणाचा वाजला ते साळूबाई आवाजावरून ओळखते आणि बांधावर उभी राहून हाक मारते.

यंत्र धरलं. लाल. माझी उशी याच भिंतीला लागून आहे. काल रात्रीही फोन टांगलेले असणार.

साळूबाईंना म्हणालो, हे हलवा. त्या हसल्या. घर भाड्यानं दिलंय साहेब, भित न्हाई दिली, भित गावाची हाय. कुणीतरी मागून विचारलं, साहेब, त्या डबड्यात वारा बी मोजता येतो का?

२८ नोव्हेंबर
बिछाना दुसऱ्या भिंतीला नेला. तरी झोप नाही.

पुंजारामची सून वृषाली रोज संध्याकाळी पडवीत येते. तिचा नवरा नितीन श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर आहे, हंगाम सुरू आहे. आठवा महिना लागला आहे तिला. बोलताना पोट भिंतीला टेकवून उभी राहते. मला ते पाहवेना. तिच्या सासूला, दगडाबाईंना, बाजूला घेऊन सविताचं सगळं सांगितलं. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. त्यांनी पडवीकडे पाहिलं. म्हणाल्या, हिचं पैलं बी पोटातच गेलं, तवा बी हितंच बोलायची ती.

तसंच असेल असं मी म्हणालो नाही. नसेल असंही म्हणालो नाही.

वृषाली आज आली नाही. पडवीत तिचा फोन बराच वेळ वाजत होता, नितीनचा असणार.

२ डिसेंबर
काल पारावर बोलावलं. रंभाजी म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. साहेबाची बायको टावरनं गेली म्हनं, आन आमची मानसं टावर न्हाई म्हून मरत्यात, ह्याचा मेळ घाला. सगळे हसले. दगडाबाई एकट्याच माझ्या बाजूने उठल्या. लई शानपना नको भावजी, म्हणाल्या, माज्या सुनंचं पोट हाय.

आज साळूबाई लेकीकडे गेल्या आहेत आणि गाव राजूरच्या बाजारात. चौकीवरचे जुने पत्रे आणून पडवीची उघडी बाजू बंद केली. खुंट्या उपटल्या. यंत्र फिरवलं. सगळीकडे हिरवा.

दुपारी गाढ झोपलो.

५ डिसेंबर
पत्र्यांना कुणी हात लावत नाही. सरकारी माणूस म्हणून नव्हे. दगडाबाई तिथे गवत निवडत बसतात आणि येईल त्याला हाकलतात.

दूधवाल्याने दूध बंद केलं. विहिरीवर गेलो की बायका बाजूला होतात. आज मी जाताना पोरांनी कान झाकले. एक जण ओरडला, टावर आला, टावर! रंभाजींचं डोकं मी आल्यापासून दुखतं म्हणे. ज्या घरात बाईचं डोकं कुजलं तिथून दुखणं घेऊन आलाय, मला ऐकू जाईल असं बोलतात.

माझंही दुखतं. उजव्या कानाच्या वर. सविता तिथेच बोट ठेवायची.

६ डिसेंबर
यंत्र हिरवं आहे. तरी भिंतीतून घूं घूं आवाज येतो. दारं लावली, कानात कापूस घातला. दातांत जाणवतो.

७ डिसेंबर
दुपारी चौकीवर गेलो नाही. आवाज बदलला. आता ठोके. पत्र्यावर, सारखे, मध्येच थांबून पुन्हा. कुणीतरी हाक मारल्यासारखंही वाटलं. सविताला शेवटी असंच वाटायचं, दार वाजतंय म्हणायची, उघडा म्हणायची. तिथे कुणी नसायचं. मी ओला टॉवेल डोक्याला बांधला, गोधडी घेतली आणि अंक म्हणत पडून राहिलो.

संध्याकाळी थांबलं. यंत्र पाहिलं. हिरवंच.

८ डिसेंबर
पत्र्याला पोचे आहेत. खाली हिरव्या बांगडीचे तुकडे. रक्त थोडं.

पुंजारामच्या घरी माणसं जमली आहेत. साळूबाई परत आल्या, ओट्याखाली उभं राहून बोलल्या, वर आल्या नाहीत. काल वृषालीला कळा लागल्या. पुरुष सगळे रानात. दगडाबाई फोन घेऊन भिंतीकडे धावल्या, गाडी बोलवायला. रेंज नाही. एकटीने पत्रा उचकटायला गेल्या. मला हाका मारल्या. साहेब, दार उघडा, साहेब. मग कुणीतरी पिकअप आणली. रस्त्यातच बाळंत झाली. वृषाली वाचली.

मूल वाचलं नाही. मुलगी होती.

मी साळूबाईंना सांगितलं, मला ऐकू आलं होतं.

ते सांगायला नको होतं.

९ डिसेंबर
गावकऱ्यांनी पत्रे काढून नेले. खुंट्या पुन्हा ठोकल्या. मोबाईल पुन्हा टांगले. मागे, ओट्याच्या खांबांना, दाराच्या कडीला. जिथे रेंज येत नाही तिथेसुद्धा. वाजत नाहीत. टांगून, बघून जातात.

दगडाबाई समोर बांधावर बसून आहेत. हात बांधलेला. इकडेच पाहतात. मी दार लावून घेतलं.

१० डिसेंबर
ठोके. पत्रा नाही तरी पत्र्यावर. बांगड्या किणकिणतात मग ठोका मग किणकिण. धावत मागे गेलो — मातीची भिंत. हात लावला. गार.

परत आत आलो की —

११
नितीन आला आहे श्रीगोंद्याहून. आवाज ओळखला. पहिले दोन-तीन दिवस वृषालीच्या फोनच्या स्पीकरवर ऐकलेला, भिंतीतून. ओरडत नाही. हळू बोलतो कुणाशी तरी.

प्रत्येक ठोक्याला दार उघडतो. कुणी नाही. उघडतो. कुणी नाही. दगडाबाई बांधावर. दिवस मोठा वाटतो.

१२
नाही उघडायचं. ठरवलं. ते डोक्यात आहे, उजव्या कानाच्या वर, डॉक्टरने फोटोत दाखवलं होतं — माझ्या नाही, तिच्या —

पुन्हा.

आता पुढच्या दारावर. बाईचा आवाज. साहेब, दार उघडा. घाई आहे आवाजात. रडते आहे. वृषालीला पुन्हा काही — ताप चढला, रक्त थांबत नाही असं काहीतरी —

दारात कुणी आहे असं सविताही सांगायची. कुणी नसायचं.

साहेब, म्हणते आहे. अवो साहेब.

दार बंदच ठेवलं आहे. पीठ मळून झालं आहे. एकच भाकरी थापली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. आता उलटायची. कडा सुटत आल्या, आता