कावळे फाटकाकडे पाहत होते

कोपरी, ठाणे

तीर्थरूप आईस, मुकुंदाचा साष्टांग नमस्कार.

धाकट्या विनीतचा दहावा यथासांग पार पडला, काळजी नसावी. तुझे गुडघे कसे आहेत?

पिंडाला मात्र कावळा शिवेना. तुला सांभाळण्याचे वचन दिले, तरीही नाही. सारे कावळे निश्चल बसून फाटकाबाहेरच्या रवींद्रकडे पाहत होते. विनीतचा संसार त्याच्याशीच होता. आपण त्याला मित्र म्हणत राहिलो.

"दर्भाचा कावळा करा रे, ऊन चढलं," काका म्हणाले.

मी रवींद्रला आत घेतले. "विनीत, हा तुझा जोडीदार, आता आपल्या घरचा." वाक्य संपण्याआधीच कावळा शिवला.

रवींद्र विचारतो, तुला आई म्हणू का? काय कळवू?

उत्तराची वाट पाहणारा,
मुकुंदा