स्त्रीलिंगी पिंपळ

सर, तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली, म्हणून आता हे धीट होऊन लिहिते आहे. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला तुम्ही फळ्यावर पिंपळाचं लॅटिन नाव लिहिलंत, ‘फायकस रिलिजिओसा’. आदल्याच दिवशी मुळ्याचं ‘रॅफॅनस सटायव्हस’ शिकवलं होतंत. तिथं दोन्ही शब्दांचा शेवट जुळतो, मग इथं का नाही? तुम्ही चुकलात आणि आता सारवासारव करणार, अशी माझी खात्रीच होती. मी उभी राहून विचारलं तर म्हणालात, "रविवारी घरी ये. याला तास पुरायचा नाही." त्यानं संशय वाढलाच.

घरी कळवलं, तर फौजेतून पेन्शनीत आलेले माझे वडील साताऱ्याहून एसटीनं थेट सांगलीला हजर. "फुकाट कोन शिकवतंय गं? काय पायजे त्येला? मला पटलं न्हाई तर कालिज बंद."

तुम्ही आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलंत. काकू भाकऱ्या थापताहेत, वडील ताठ बसून तुमच्यावर नजर ठेवून आहेत. तुम्ही विचारता, "शाळेत ‘देव’ चालवलास ना? देवः, देवौ, देवाः? लॅटिनमध्येही नाम तसंच चालवतात. ‘अस’ या शेवटावरून ते कसं चालवायचं एवढंच कळतं, लिंग कळेलच असं नाही. आपला मळा आणि शाळा घे. शेवट एकच, पण तो मळा, ती शाळा. रोमन लोकांना बहुतेक झाडं स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळाचं ‘रिलिजिओसा’ हे विशेषणही स्त्रीलिंगी." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

वडील मात्र पुढं सरकले. "आवं मास्तर, पर झाड बाई का म्हनून?"

"ते मलाही माहीत नाही," तुम्ही म्हणालात.

परतताना वडिलांनी आधी साताऱ्याच्या एसटीची वेळ विचारली. मग म्हणाले, "म्हाईत न्हाई म्हनला गडी. लबाड आसता तर कायतरी ठोकून दिलं आसतं. शीक तू."

त्यांचं समाधान झालं, माझं नाही. सोमवारी ग्रंथालयात जाऊन मी लॅटिनचा कोश उघडला. तुमचं बरोबर होतं.

पुढं जन्मभर मीही हाच विषय शिकवला. हे पत्र कुणालाच द्यायचं नाही, काकूंनाही नाही. एवढंच सांगते, तुम्ही मला घरी बोलावलंत ते माझा प्रश्न मनापासून आवडला म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं, हे मला अजून पुरतं खरं वाटत नाही.