बागेच्या फाटकावर

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, उगाच फुगू नकोस. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसतं, तरी आईने कागद का खराब केला, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. पण ते तोंडाने सांगायला माझी जीभ रेटत नाही. माझी जीभ रेटली नाही असं याआधी कधी झालंय का, ते तूच आठवून बघ. चार बुकं शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. लागलं तर लाव, नाही लागलं तर अंदाजाने वाच.

आधी बागेचं सांगते. तुम्ही त्याला थीम पार्क म्हणता, मला बाग म्हणायला सोपं जातं. मला समजलेला बेत असा. तुझं जहाज त्या बागेजवळच्या बंदराला लागणार. सुट्टी चारच दिवसांची. घरी येऊन परत जायचं तर त्यातले दोन दिवस प्रवासातच संपतात. म्हणून तुझा नवरा, मी आणि तुझी मुंगळी, अशा तिघांनी तिकडे यायचं आणि तू बागेच्या फाटकावर उभी राहून लेकीला भेटायचं. रांगती सोडून गेलीस, आता ती घरभर पळते. इतक्या दिवसांनी मायलेकी भेटणार, ती भेट धड व्हावी, एवढं मला कळतं. बाकीचं काही केल्या डोक्यात शिरत नाही.

तुझा नवरा ट्रक लावून घरात आला की पाणी पिण्याआधी फोनवर त्या बागेचा नकाशा उघडतो. (तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, कागदावर एकेरी लिहिते, चालवून घे.) कुठल्या दाराने शिरायचं, कुठल्या पाळण्याकडे आधी पळायचं, ढकलगाडी कुठे भाड्याने मिळते, दुपारी पोरीला कुठे झोपवायचं. अर्धी दुनिया पालथी घालून माल पोचवणारा माणूस, पण या बागेने त्याला घाम फोडलाय. त्यात ते उंचीचं प्रकरण. तिथे म्हणे प्रत्येक पाळण्यापाशी एक खूण असते, पोराचं डोकं तिथवर पोचलं तरच आत घेतात. मी शिवणाची टेप काढून मुंगळीला दाराला टेकवून उभी केली. टाचा उचलल्या तरी ती कुठल्याच खुणेला पोचत नाही. उरल्या त्या माणसं बसवून गरागरा फिरणाऱ्या कपबश्या, आणि त्या नुसत्या फोनमध्ये बघितल्या तरी मला भोवळ येते. म्हणजे तिला बसू देत नाहीत आणि मला बसवत नाही. मग आपण चाललोय कशाला, असं विचारलं, तर जावईबापू म्हणाले की आठवणी होतात. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, हिच्या कसल्या आठवणी. पण जाऊ दे. तुम्हा दोघांची हौस आहे, आणि हौसेला अक्कल विचारायची नसते एवढं मला संसारात कळलंय.

मग तू त्या बागेतल्या हत्तीचा व्हिडिओ पाठवलास. माणसाने हत्तीचं एवढं मोठं डोकं घातलंय आणि तो पोरांना मिठ्या मारत सुटलाय. मुंगळीने तो पाहिला आणि जी शिलाई मशीनखाली घुसली, ती बाहेर यायला तयार नाही. तू सांगितलंस की तिला सवय लाव. म्हणून मी उशीच्या अभ्र्याला डोळ्यांची भोकं पाडून तो डोक्यावर चढवला. या वयात मला हेही करायचं होतं. पोरगी घाबरली का? छे. सरळ माझ्याकडे आली, अभ्र्याला नाक लावून हुंगलं आणि मांडीवर चढून बसली. तिला तोंड दिसायची गरजच नाही, वासाने ओळखते. तेव्हा मला हसू आलं होतं.

तुझी दुसरी आज्ञा रांगेत उभं राहायच्या सवयीची. आता दोन वर्षांच्या पोरीला रांगेत उभं राहायला शिकवायचं म्हणजे वाऱ्याला पिशवीत भरायचं. तरी गेले. मागच्या मंगळवारी काही काम नसताना तिला घेऊन पोस्टात उभी राहिले. खिडकीशी पोचलो तेव्हा कारकुनाने विचारलं, काय हवंय. म्हटलं, काही नको, सराव चाललाय. तो म्हणाला की आजी, इथे उभं राहून लोक मला शिव्या घालतात आणि तुम्ही हौसेने येताय. मागची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या एका रंगाऱ्याचा फोन वाजला. मुंगळी माझा हात सोडून धावली, त्याच्या रंगाने बरबटलेल्या पँटला लोंबकळली आणि "आई, आई" करायला लागली. भला माणूस. त्याने वाकून फोन तिच्यासमोर धरला. फोनवर कुणा मिशीवाल्याचा फोटो होता. हिने त्याचीच पापी घेतली. सगळं पोस्ट हसलं, मीही हसले. पण घरी येता येता माझं हसू अर्ध्या रस्त्यातच संपलं.

घरी आल्यावर भिंतीवरचा तुझा फोटो काढला, जहाजाच्या कपड्यांतला, तू हसतेस तो. तिच्यापुढे धरून विचारलं, हे कोण. तिने नीट पाहिलं आणि "बाई" म्हणाली. मग मी फोन दिला. फोन बंद पडला होता, नुसती काळी पाटी. तिने तो गालाला लावला, "आई" म्हणाली आणि आपल्या पांघरुणात गुंडाळून झोपवला. वर थोपटतही बसली.

रोज संध्याकाळी तू म्हणतेस, बघ आई, कशी ओळखते मला. मग मान वळवून डोळे पुसतेस आणि मला ते दिसत नाही असं समजतेस. तिथे मी तुला काय सांगणार? सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि ती त्या रडणाऱ्या काचेचे मुके घेत राहिली असती. ते बघायची माझ्यात ताकद नव्हती.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल शिवायला आलेल्या एका पडद्याला वरही खालचीच दुमड घातली, दांडी घालायला जागाच ठेवली नाही. कधी वाटतं, पोर आहे, बघताक्षणी आतडं ओळखेल. लगेच वाटतं, आतड्याला काय डोळे असतात? कधी वाटतं, थोडे दिवस फोन बंदच ठेवावा. पण मग तिची आहे तीही आई जाईल. तुझ्या नवऱ्याला सांगणार होते, पण तो ते डोक्यात घेऊन रस्त्यावर ट्रक चालवणार, म्हणून तोंड मिटलं. त्यालाही तूच सांग. त्याने किती जीव लावून नकाशा पाठ केलाय ते मी पाहिलंय, म्हणून माझं धाडस होत नाही.

तर एवढ्यासाठी लिहिलं. फाटकावर भेटू नकोस. त्या गर्दीत, त्या गोंगाटात, एक अनोळखी बाई हात पसरून धावत आली तर ती किंचाळेल आणि माझ्या मानेत तोंड खुपसेल. संध्याकाळपर्यंत ती ते विसरेल. तू विसरणार नाहीस. तिकडे जहाजावर चादरींना इस्त्री करताना तेच तुझ्या डोळ्यांपुढे येत राहील. दोन दिवस प्रवासात गेले तर जाऊ देत, उरलेले दोन घरात घालव. आलीस की तिला हाक मारू नकोस, उचलायला जाऊ नकोस. जमिनीवर बस आणि वाटाणे सोलत राहा. ती आधी लांबून बघेल. मग एक दाणा उचलून पळेल. मग दुसऱ्या दाण्याला येताना कदाचित तुझ्या गुडघ्यावर हात टेकेल. दोन दिवसांत एवढं तरी होईल का, ते मला खरंच सांगता येत नाही. नाही झालं तर बागही गेली आणि पोरगीही जवळ आली नाही, असं होईल. तेव्हा मला काय बोलायचं ते बोल, मी उलट उत्तर देणार नाही. मी समोर दिसले तर ती मलाच चिकटेल, म्हणून तू घरात आलीस की मी बाहेर पायरीवर जाऊन बसेन. आतून कुणाच्याही रडण्याचा आवाज आला तरी उठणार नाही. तिच्या नाही, आणि तुझ्याही नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
आई